काल

आमच्या घरात तेलुगू. पायाला कालु म्हणतात.
उंबऱ्यापलीकडं मराठी,
तिथं काल म्हणजे गेलेला दिवस.
चाळीस वर्षं दोन्ही बोलले,
एकावर एक ठेवून कधी बघितलं नव्हतं.

एप्रिलात ब्रँचवरून येताना
चप्पल कुठं सुटली, कळलंच नाही.
डांबर तापलेलं,
आणि शुगरनं तळव्याची खबर आधीच बंद केलेली.
सून म्हणाली, अत्तम्मा, एकच चप्पल?
फोड दुसऱ्या दिवशी दिसला,
तोही लुगड्यावरची तंबाखू झटकताना.

पुढचं सगळं सिव्हिलच्या कागदावर आहे.
डॉक्टर म्हणाले, गुडघा वाचवलाय, मोठी गोष्ट आहे.
मी कुणाचं तरी लग्न ठरल्यासारखी मान हलवली.
नर्सनं जोडवं पुडीत घालून दिलं,
गोळ्यांच्या पुडीसारखंच. वर पेनानं:
बोद्धूल बालामणी, डावा.

विडी घरकुलातल्या बायका भेटायला आल्या,
शुगरवालीला डझनभर केळी घेऊन.
तुझं काम बसूनच की गं, म्हणाल्या,
हात गेला असता तर?
खरं होतं.
पण मांडी दोन पायांची असते.
सूप ठेवलं की डावीकडं कलायचं,
तंबाखू फरशीवर.
विडी वळायला पाय लागतो
हे मुनीमाला कोण सांगणार,
त्यानं छाट वाढवली.

रात्री अंगठा खाजवायचा. नसलेला.
पोरगा उठला, दिवा लावला,
कुठं खाजवू, म्हणाला.
मी चादरीच्या सपाट भागाकडं बोट केलं.
त्याच्याच मागावरची चादर, मोराची.
बराच वेळ त्यानं मोराची मान खाजवली.
बरं वाटलं. देवाशप्पथ.

मग पट्टी.
फिजिओची पोर म्हणाली, गोल गुंडाळू नका,
रक्त कोंडतं, आठाचा आकडा काढा,
खाली घट्ट, वर सैल,
टोक निमुळतं व्हायला पाहिजे.
मला हसू आलं.
जन्मभर दुसरं काय केलं मी?
तिसऱ्या दिवशी तीच मला
बाकीच्यांच्या पट्ट्या बघायला सांगू लागली.
अक्कलकोट रोडचा एक ड्रायव्हर होता, शिवशरण,
मांडीतून गेलेला, कुणाशी बोलायचा नाही.
त्याचा आठ मी बांधायचे.
तो भिंतीकडं बघायचा.

मुनाफ नदाफनं माप घेतलं.
जांभळ्या पेन्सिलीनं हाडं खुणावली,
ओलं प्लास्टर लावलं, थंडगार, मग ऊन ऊन.
काढलं तेव्हा माझ्या पायाची पोकळी
त्याच्या हातात राहिली.
मी पुडी पुढं केली.
त्यानं जोडवं रबराच्या पावलावर धरून बघितलं.
बोटं सुटी नाहीत मावशी, साच्यातच एक झालीत.
चिरून बघू?
चिरलं तर टिकेल?
नाही.
मग राहू दे.
पुडी आता दोऱ्याच्या डब्यात आहे.
उजव्या पायातलं तेवढं काढलं नाही.

दोन दांड्यांच्या मधे उभं केलं.
खाली बघू नका, समोर बघा.
बाई, आठव्या वर्षापासून खालीच बघतेय मी,
पान, कात्री, पत्रा, पुन्हा पान.
समोर भिंत होती,
भिंतीवर एक पाल.
पालीकडं बघत चालले.
संध्याकाळी बुडख्यावर लाल वळ,
मोजा बदला, पावडर लावा, एक दिवस सुट्टी,
परत दांड्या.
वळ कुठं उठावा
यालाही शिस्त असते म्हणे.

पावसाळा संपता संपता ब्रँचवर गेले.
साडेसहाशे विड्या, काठी, टोपली सुनेच्या डोक्यावर.
रांगेत उभी राहिले. उभी.
गर्दी झाली, आणि मागच्या पोरीनं
रबराच्या पावलावर अख्खा पाय दिला.
कळलं नाही मला, फक्त गुडघ्यात धक्का आला.
ती घाबरली. लागलं का हो?
तोंडातून घरचंच गेलं. कालु.
पोर नवीन, मराठीच येत होतं.
काल लागलंय?

नाही, म्हणाले.
आत्ता.